दहावी ब, भिंतीपलीकडे माग

आमच्या वर्गाच्या पश्चिमेला येमुलांचा कारखाना.
आम्ही पाचवीत आलो तेव्हा चोवीस माग होते.
चिलवेरी बाईंनी फळ्यावर तारीखही टाकली नव्हती,
आधी म्हणाल्या, ओरडून,
"ओरडून बोलायचं. कुजबुजणाऱ्याला इथे मार्क नाहीत."

मग सहा वर्षं सगळंच ओरडून.
पाढे, प्रार्थना, कर्ण आणि पाया,
हजेरीला तर नळावर भांडण लागल्यासारखी हजेरी.
श्रीशैल बिराजदारला नववीत
लक्ष्मीला जे काय सांगायचं होतं
तेही ओरडूनच सांगावं लागलं,
त्यामुळे ते क वर्गाला आधी कळलं.

आज निरोप. फेब्रुवारी, पण ऊन एप्रिलचं.
पताका म्हणून चादरींच्या काठाचे तुकडे,
अंबादासच्या वडिलांनी पोतंभर दिलेले.
समोशाचे पैसे एकवीस जणांनी भरले,
खाल्ले त्रेपन्न जणांनी.
नीलोफर बागवान भाषणाला उभी राहिली,
चौथ्या वाक्याला
लाईट गेली.

माग थांबले. पंधराच्या पंधरा
(नऊ गेल्या दिवाळीत भंगारात निघाले).
एकच धोटा जरा उशिरा पोचला,
खट्,
आणि संपलं.

नीलोफर मात्र तशीच, त्याच पट्टीत,
"आम्हाला विसरू नका!"
फाटकाबाहेर बोरांची गाडी ढकलणारा थबकला,
म्हणाला, "नाही विसरत, बाई."

हसून हसून पोटात दुखलं.
हसणं ओसरल्यावर ऐकू आलं
मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढतंय.
बाईंच्या बांगड्या ऐकू आल्या.
सहा वर्षं रोज बघत होतो तो हात,
वाजतो हे माहीत नव्हतं.

मग बाई बोलल्या, साध्या आवाजात.
थोडा घोगरा, शेवटी तेलुगूकडे कलणारा,
घरी त्यांच्या मुलीला रोज मिळत असेल तो.
काय म्हणाल्या विचाराल तर
हॉल तिकीट सांभाळा, पाणी पिऊन जा,
असंच काहीतरी.
पण लक्ष्मी रडली. श्रीशैल खिडकीबाहेर बघत बसला,
खिडकीबाहेर भिंत होती.

आई विड्या मोजते, न बघता, नुसत्या बोटांनी.
तशी मी वर्ग मोजत गेले.
अंबादास भिवंडीला, मामाच्या कारखान्यात, रात्रपाळी;
परीक्षेनंतर म्हणतो, पण बॅग भरून झालीय.
श्रीशैल भरतीसाठी पहाटे पळतो.
नीलोफरला वकील व्हायचंय, आवाज तर आहेच.
लक्ष्मी विचारलं की नुसतं "बघू" म्हणते.
मला पुण्याला जायचंय.
हे घरी अजून सांगितलेलं नाही,
आमच्या घरात हळू सांगता येत नाही काही.

तिथे खोलीतली मुलगी पहिल्याच दिवशी दचकेल.
"भांडतेस का?"
नाही गं, चटणी देलालोय, शेंगांची, घे.
ती हसेल त्या "देलालोय"ला.
मग मी हळू बोलायला शिकेन,
शिकेनच, सगळं शिकलेय,
आणि सुट्टीत घरी आल्यावर आई म्हणेल,
काय झालं, आजारी आहेस का?

उरलेले पंधराही जातील म्हणतात.
मग या खोलीत पाचवीच्या पोरांना
कुणीतरी सांगेल, हळू बोला.
ती बोलतील. त्यांना वाटेल
शाळा अशीच असते.

फोटोसाठी आम्हाला भिंतीलगत उभं केलं,
उंच मागे, बाई मध्ये, खुर्चीवर.
फोटोवाल्यानं हात वर केला
आणि लाईट आली.
तो काहीतरी म्हणाला. हसा म्हणाला असावा.

फोटो काल मिळाला.
त्यात हसलेलं कुणीच नाही.
त्रेपन्न तोंडं उघडी,
सगळे एकदम विचारताहेत,
काय?