दोर आखूड

उप्साला. दुपारचे तीन, आणि बाहेर अंधारून आलंय.
जिन्याखालच्या खोलीत राग्नहिल्ड
माणसं जन्माला घालते,
बारा-बाराच्या हजार तुकड्या,
कॉफी गार व्हायच्या आत.
कुणाला आई नाही. दंडावर सुईचा काळा-निळा डाग नाही.
रक्तात औषध किती चढलं की
हृदयाची लय किती लांबते,
हे तिनंच ठरवून दिलेलं.
सत्य तिच्या खिशात आहे
घरच्या किल्लीसारखं.

मग ती मुद्दाम खिसा विसरते.
आकडे गणिताच्या हवाली करते: सांग आता,
कुठल्या पातळीला परिणाम निम्म्यावर येतो?
गणित सांगतं. ठाम. दशांशाच्या पुढे तीन घरं.
पुढची तुकडी. पुन्हा तितकंच ठाम,
आणि भलतंच काही.

खरी माणसं बाराच होती.
त्यातला सातवा
आठव्या तासाचं रक्त न देताच उठून गेला.
नर्सनं समासात लिहिलंय: पाळणाघर पाचला बंद.
राग्नहिल्डला त्याचं नाव माहीत नाही.
पण तो एक चौकोन तिनं
हजारही तुकड्यांत रिकामाच ठेवला,
खोट्या सातव्यालाही
दाराशी टोपी घालून वाट बघणारी
एक मुलगी असावी तसा.

टॉर्केल दारात येतो. बूट ओले.
"भरवसा किती?"
"शंभरात पंच्याण्णव वेळा पकडीन म्हणतंय."
"आणि?"
"एकसष्ट."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
असं आम्ही मराठीत म्हणून मोकळे होतो.
इथं आडात आहे. तिनं स्वतः ओतलंय.
पोहराच टेकत नाही पाण्याला.
डोस चढवत नेले आणि मध्येच थांबले,
घाबरून; ते योग्यच होतं;
पण रेषा जिथं वाकणार होती
तिथवर कुणी गेलंच नाही.
त्यापुढचं सगळं गणितानं
अंधारात हात पुढे करून सांगितलेलं.

ती अहवालातली दशांशाची घरं पुसते.
एक. दोन. तिसऱ्याशी जरा रेंगाळते.
तिथं लिहिते: एवढ्यावरून सांगता येत नाही.

"मग काय लागेल?"
"चाळीस माणसं. आणि एक डोस वर."

वर म्हणजे
कुणाच्या तरी छातीत.
टॉर्केल काही बोलत नाही.
ती पडदा मिटते, बारा हजार माणसं विझतात,
एकालाही साधी चक्कर आलेली नाही.
कोट चढवताना खिशात किल्ली हाताला लागते.
या दाराची नाही ती.