नऊ ग्रॅम

अकॉर्डियनचा भाता मागवला होता,
बापाच्या जुन्या पेटीला बसेल असा,
सोळा घड्यांचा, कोपऱ्यांना पितळ.
तीनशे चाळीस युरो.
पानाच्या तळाशी एक हिरवी ढाल होती :
खरेदीदारास पूर्ण संरक्षण.
माणसाचा फोटो नव्हता तिथे. ढालीचा होता.
मी ढालीवर विसंबले.

विक्रेता गोड बोलायचा.
बाई, कस्टममध्ये अडकलंय.
बाई, आमच्याकडे सुट्ट्या आहेत.
बाई, एकच आठवडा.
थांबणं आम्हाला जमतं,
आमच्या बेटाची फेरीबोटसुद्धा समुद्र म्हणेल तेव्हा सुटते.
समुद्र गोठला, पुन्हा मोकळा झाला,
आणि एका मंगळवारी पडद्यावर उमटलं :
पोचलं. कुरेसारे. सही मिळाली.

पायरीवर फक्त मांजर होतं,
तेही शेजाऱ्यांचं.

तक्रार केली. चार मिनिटांत उत्तर,
इतक्या लवकर माणूस वाचूनही काढत नाही :
पार्सल आपल्या पिनकोडवर पोचले आहे.
म्हणजे गाव सापडलं, घर नाही,
आणि नियमाला गाव पुरेसं होतं.
खाली बारीक अक्षरांत : पुरावा असल्यास
दहा दिवसांत जोडावा.

बँक म्हणाली, आधी त्यांना विचारा.
ते म्हणाले, बँकेला.
ग्राहक कार्यालयातला मुलगा, नखं कुरतडलेली,
म्हणाला, विक्रेता पार तिकडचा,
आमचा हात तिथवर पोचत नाही,
आणि खरंच हात लांब करून दाखवला,
टेबलाच्या कडेपर्यंत.

शेवटी पोस्टातल्या माइरेकडे गेले.
तिने नंबर पाहिला. "सांगायची परवानगी नाही मला,"
म्हणाली, आणि खिडकीतून
बंदरामागच्या पिवळ्या घराकडे
इतका वेळ बघत राहिली की मला कळलं.

एन्डेल पिल. ऐंशीच्या पुढचा, एकेकाळी जाळी विणायचा.
मी काही विचारायच्या आत
त्याने लिफाफा दाखवला, घड्याळाला टेकवून ठेवलेला.
"राइवोचा. माझा मुलगा. जहाजावर असतो.
अकरा वर्षांनी काहीतरी पाठवलं,
आणि आत पत्र घालायचंच विसरला बघ.
लहानपणापासून तसाच. दप्तर शाळेत, वह्या घरी."

हातात घेतला. त्याचंच नाव, त्याचाच पत्ता,
परदेशी शिक्के. कोपऱ्यात माझा नंबर,
तेरा आकडे, मला पाठ झालेले.
वजन : नऊ ग्रॅम.
आत हवा.
भात्यात तरी दुसरं काय असतं, म्हणा.

एक फोटो लागणार होता
आणि त्याच्या सहीची दोन वाक्यं :
की यात काहीच नव्हतं,
की पाठवणाऱ्याला मी ओळखत नाही.
आठवा दिवस होता.
"कॉफी निवतेय," एन्डेल म्हणाला.

फोटो काढला नाही असं नाही. काढला.
बाहेर येऊन पाहिला : घड्याळ, लिफाफा,
घड्याळाच्या काचेत त्याचा चेहरा.
सहीसाठी परत आत जायचं होतं.
गेले नाही.
चांगुलपणा म्हणू नका त्याला,
तीनशे चाळीस युरो मला अजूनही झोपू देत नाहीत.

अकराव्या दिवशी ढाल करडी झाली.
प्रकरण बंद. आम्हाला किती तारे द्याल?

त्याच दुपारी एन्डेल दारात. टोपी हातात.
त्याला चष्म्यातूनही दिसत नाही नीट,
लिफाफ्याच्या मागचा पत्ता उतरवून देशील का?
उत्तर त्याने लिहून आणलं होतं, तीन पानं,
दोन्ही बाजूंनी.
बारीक, गिचमिड, जाळ्यासारखं.

मी त्या विक्रेत्याचा पत्ता
माझ्या सर्वांत सुवाच्य अक्षरात लिहिला.
माइरेने लिफाफा काट्यावर ठेवला,
एकदा माझ्याकडे पाहिलं.
एकवीस ग्रॅम, म्हणाली.
तिकिटाचे पैसे मी दिले.