फळ्यावरचा ‘ले’

टाइमकीपर ऑफिसात माझं अक्षर त्यातल्या त्यात वळणदार,
म्हणून इंग्रजी कागद मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे.
अमळनेरला तेव्हा भोंग्यावर घड्याळं लावत.
मॅनेजरनं अर्ध्या पानाचा मजकूर दिला.
सूत नाही, वीज अपुरी, खालील कामगारांना अमुक तारखेपासून
इथवर नीट उतरलं.
मग खडू अडला.

काढलं म्हणावं, तर काढलं नव्हतं.
रजा म्हणावी, तर मागितली कुणी?
शेवटी शब्द होता तसाच फळ्यावर ठेवला,
देवनागरीत, मध्ये आडवी रेघ:
ले-ऑफ.

पाळी सुटली. साचेखात्यातून दगा भिला आला,
भुवयांवर कापूस, कानात कापूस.
बोट टेकवत टेकवत वाचलं त्यानं, आणि मागे वळून म्हणाला,
“ले म्हनस. पन काय लेवानं, ते लिखेल नही.”
सगळे हसले. मीही,
खडूचा हात पँटला पुसत.

आमच्या अहिराणीत ले म्हणजे घे.
भाकर ले, पानी ले, पोरगं कडेवर ले.
शिवाय माले, तुले, आमले:
जे कुणाकडे जायचं ते याच अक्षरावर बसून जातं.

रात्री वाचनालयात कोश काढला, पाठ उसवलेला.
ले: खाली ठेवणे. विटा रचणे. अंडी घालणे.
ऑफ: दूर.
आणि पुढं बारीक टाइपात, खलाशांचा शब्द.
जहाज किनाऱ्यापासून लांब धरायचं, खडकावर जाऊ नये म्हणून.
मग तो कारखान्यांत शिरला:
मंदी आली की माणसं बाजूला ठेवायची,
पुन्हा बोलावण्याच्या बोलीवर.

मी समुद्र पाहिला नव्हता.
बोरी पाहिली होती, वैशाखातली,
जिच्यात म्हैससुद्धा काठापासून लांब जाऊ शकत नाही.

दगाला सांगितलं, ठेवणे असा अर्थ आहे.
“मंग उचलाले कव्हय येतीन?”
कोशात ते नव्हतं.

रोज यायचे सगळे, हजेरीपुरते.
मी मस्टरवर लाल शाईनं खूण करायचो,
फळ्यावरची तारीख पुसून पुढची घालायचो.
शब्दाला हात लावावा लागला नाही.
तारखेच्या जागी फळा खरवडून पांढरा झाला,
ले-ऑफ मात्र काळ्यावर ठळक.
एका सकाळी फळाच नव्हता. भिंतीवर चार खिळे.

परवा आठवडे बाजारात ओळखीचा आवाज.
भरताची वांगी, हिरवी, पाण्यानं चकचकीत,
आणि गोणपाटावर दगा: “ले भो, ले!”
मी किलोभर मागितली.
त्यानं तोलली, वर एक जास्तीचं टाकलं.
“ले.”

पिशवी पुढे केली मी.
ऑफ तो म्हणाला नाही.