चितारआळीत

वाटणीचे पैसे हातात आले, तसा सावंतवाडीला उतरलो.
मेस्त्रीण म्हणाली, "पोरांची वयां सांग आदी."

विघ्नेश नऊ महिन्यांचा. हिरड्या शिवशिवतात,
दिसेल ते तोंडात.
तिने पांगाऱ्याची बिनरंगी गाडी काढली,
चाकं त्याच्या मुठीहून मोठी.
मी जिभेने चाखून बघितली.
हसली ती. हसू दे.

जुईलीला पाचवं. तिला दोरी हवी,
आणि मागे हौदा.
त्यात शिंपल्या भरेल, मांजराचं पिल्लू बसवेल,
दांडीच्या वाळूतून ओढेल
आणि रुतली की माझ्या नावाने बोंब मारेल.
म्हणून रुंद चाकांची घेतली.

थोरला प्रणित. पुढल्या महिन्यात तेरा.
निघताना म्हणाला, "माका कायएक नको, बाबा."
तरी फळीवरची लाल जीप उचलली.
दार उघडलं, मिटलं.
पुन्हा उघडलं.
त्याच्या वयात मी रापण ओढत होतो.

"ही कोणाक?"
"मोठ्याक," म्हटलं,
आणि नोटा मोजताना चुकलो.

दोन गाड्या पिशवीत. जीप खिशात.
आकेरीपासून झारापपर्यंत
अंगठ्याने तिचं एकच चाक फिरवत होतो.
कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.