मोरचूद

काल संध्याकाळी सहा चकत्या ठेवून गेले होते,
सहा औषधं, टिकलीएवढी एकेक.
सकाळी थाळी उजेडात धरली
तर पाचांच्या अगदी कडेपर्यंत
साय धरावी तशी वाढ.
सहावीभोवती तेवढी मोकळी जागा,
पट्टी लावून मोजली. एकोणीस मिलिमीटर.

नमुना तीनशे सतरा. दगू मोगल, वय वीस,
केटररकडचा वाढपी. ओझरच्या लग्नात
पंगती उठल्यावर, रात्री दोन वाजता
उरलेल्या अंडाकरीवर जेवला.
फोनवर डॉक्टर सय्यद,
"मॅडम, चालेल असं काहीतरी सांगा."
मी एक नाव सांगितलं.
"एकच?"

साल्मोनेला. नाव काही नवं नाही.
पण हिच्या पोटात काय होतं
ते पुण्याहून कळलं, तीन आठवड्यांनी, ई-मेलनं.
दगू तोवर घरी गेलेला, नऊ किलोनं हलका.

एक कडं होतं.
आईकडून आलेल्या वारशापासून वेगळं, सुटं, गोल,
आणि त्यावर कोरलेलं.
आमच्या दुकानात भांड्यावर नाव घालायचे ना,
'चि. सौ. कां. हिला मामांकडून', टकटक टोचून,
तसंच, फक्त चार अक्षरांच्या लिपीत.
पहिली ओळ: हे औषध आत आलं की उपसून टाक.
दुसरी: त्या औषधाची कडीच मोड.
तिसरी: औषध जिथे बसतं ती जागा झाकून धर.
या कड्याला मालक नाही.
दोघी जवळ आल्या की मध्ये एक बारीक नळी,
आणि नक्कल पलीकडे.
शेजारणीला विरजण द्यावं तसं,
देणारीचं काही कमी होत नाही.
जात वेगळी असली तरी देतात.

चौथ्या ओळीपाशी थांबले.
तांबं आत आलं तर बाहेर फेक.

मी तांबट आळीतली.
तांब्याच्या हंड्यात पाणी रात्रभर ठेवलं
की त्यात वाईट काही जगत नाही,
हे मुळाक्षरांच्या आधी शिकलेली.
बीएस्सीला त्याचं कारण शिकले,
घरी येऊन अण्णांना सांगितलं,
तर म्हणाले, "एवढ्यासाठी फी भरली?"

हिला तांबं कुठे भेटलं असेल?
कोंबड्यांच्या खाद्यात चिमूटभर घालतात,
वजन धरावं म्हणून. मोरचूद.
तोच, चुन्यात कालवून बागांवर मारतात तो.
पिंपळगावकडे फवारणीनंतर
द्राक्षाची पानं निळसर दिसतात, शाळेच्या सहलीत
आम्हाला ती फार आवडायची.
कोंबडीचं औषध उद्या बंद केलं
तरी खाद्य चालूच,
आणि कडं काही तोडून ठेवता येत नाही.
एक ओळ लागते म्हणून चारही सांभाळायच्या.

घरी आले तर अण्णा घंगाळ ठोकत होते,
वायनरीच्या हॉटेलवाल्यांनी शोभेसाठी मागितलेलं.
पाणी त्यात कुणी तापवणार नाही.
मी नुसतीच बसले. मग त्यांनीच सुरू केलं,
कधीही सुरू करतात तसं:
ठोकत राहिलं की तांबं ताठतं.
मग थांबायचं. भट्टीत लाल करायचं,
गार होऊ द्यायचं, पुन्हा मऊ येतं.
दम न देता मारत राहिलास
तर एक दिवस तडकतं, नाहीतर मनगट जातं.

"कधी थांबायचं ते कसं कळतं?"
"आवाज बदलतो."

माझ्या थाळीला आवाज नसतो, अण्णा.
हे म्हणाले नाही.
तीनशे सतरा दुपारीच ऑटोक्लेव्हमध्ये घातली होती,
झाकण आवळून, वीस मिनिटं,
आणि तेवढ्या वेळात बाहेर
भद्रकालीत, मळ्यात, गटारीच्या काठाशी
किती वाट्या विरजण गेलं असेल
याचा हिशेब सोडून दिला होता.

फोनवर त्या कड्याचं चित्र होतं, रंगीत,
ओळीओळीला बाण काढलेले.
त्यांनी हातोडी मांडीवर ठेवली, चष्मा पुसला,
फोन दूर धरून, मग जवळ धरून बघितलं.
"कोरलंय नीट," म्हणाले.
"नाव कुणाचं घातलंय?"