फक्त मजकूर

रामबागेतल्या आमच्या पतपेढीचा वार्षिक अहवाल
दर जूनमध्ये माझ्याच टेबलावर येऊन पडतो.
मुखपृष्ठापासून ताळेबंदापर्यंत एकच टाइप,
बारा पॉइंट, काळा, दीड ओळीचं अंतर.
तसा ठरावच आहे, इतिवृत्तात, माझ्याच अक्षरातला.

मजकूर मात्र येतो कुठून कुठून.
अध्यक्षांचं मनोगत मोबाइलवरून, राखाडी पाटावर बसून,
पाट सोडायला तयार नसलेलं.
लेखापरीक्षकांचा शेरा तिरका.
सुमतीबाई किब्यांचा वृत्तान्त निळा, अधोरेखित,
चुकून बोट लागलं की भलतंच पान उघडणारा.
सियागंज शाखेनं जुन्या फॉन्टात पाठवलेलं तर
नुसते कंस, टक्के, उद्गारचिन्हं,
जिन्यावरून कुणी भांड्यांसकट पडावं तसं.

सरळ कंट्रोल व्ही मी कधीच सोडलं.
एका वर्षी एका परिच्छेदापायी
अख्खा ताळेबंद जांभळा निघाला होता,
नफ्यासकट.
आता उजवं बटण, छोटी यादी,
त्यातलं शेवटचं चित्र: फक्त मजकूर ठेवा.
मग जो तो चपला दाराशी काढून आत येतो
आणि रांगेत बसतो.

यंदा राहिले होते त्र्यंबक हुद्देदार,
बावीस वर्षं खजिनदार, मार्चअखेरीला गेले.
मुलगा पेनड्राइव्ह देऊन गेला:
"काकू, बाबा शेवटपर्यंत हेच लिहून राहिले होते. तुम्ही पाहून घ्या."
फाइल उघडली.
पहिलं पान अठरा पॉइंट, ठळक.
तिसरं अठ्ठावीस.
सातव्यावर छत्तीस, आणि मधेच लाल,
काळं बहुधा पुरेना.
अकराव्या पानावर दोनच शब्द, बहात्तर पॉइंटांत:
शिल्लक जुळली

कॉपी. उजवं बटण. फक्त मजकूर.
अकरा पानं अर्ध्या पानात आली.
इतकी नीटनेटकी, की वाचणाऱ्याला वाटावं
या माणसाला शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं.

कंट्रोल झेड.
अक्षरं परत फुगली, पडद्याबाहेर गेली.
कंट्रोल वाय.
कंट्रोल झेड.
जेल रोडवरचा छापणारा सात वाजता शटर ओढतो
आणि पावणेसात झाले होते.

अर्धं पान बारा पॉइंटांतच गेलं. ठराव आहे.
शेवटचे दोन शब्द तेवढे
मी होते तसे राहू दिले.
सभेत कुणी बोट ठेवलंच तर सांगेन,
पेस्ट करताना राहून गेलं.