मागे वळून

कुलूप ओढून पाहिलं. लागलंय.
लोकमान्य नगरच्या कोपऱ्यावर पोह्यांची गाडी,
तिथवर पोचलो आणि परत.
ओढून पाहिलं. लागलंय.
पोहेवाल्या गोलूला सवय झालीय,
माझी प्लेट तो चौथ्या फेरीनंतरच भरतो,
वर शेव, जिरावण, एक शब्द न बोलता.
कुमुद तिथेच उभी असते, पर्स दोन्ही हातांनी धरून.

लागलंय हे मला माहीत असतं.
माहीत असतं, पटत नाही.
बोटांना कळतं, मनगटाला कळतं, खांद्यापर्यंत कळतं,
तिथून पुढे रस्ता खोदलेला आहे.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते.
सहा कप्पे.
गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन मी फाटकात उभा.
एका अंगाने चकाकी, एका अंगाने प्लास्टिक,
आत औषधाची चिमूटभर भुकटी.
"अंकल, टाका ना कुठेही," गाडीवरची पोरगी म्हणते.
कुठेही!
ज्याच्यासाठी या शहराला बक्षीस मिळतं
त्याच्यासाठी मला डॉक्टर.

बँकेत खपून गेलं बावीस वर्षं.
कॅशियरने तीनदा मोजलं तर त्याला कुणी आजार म्हणत नाही.
मॅनेजर सांगायचे, खासगीवाल्यांची गड्डी पुन्हा मोजू नका, वेळ जातो.
घरी कुमुदने माझे ओठ हलताना पाहिले होते.
एक ते एकवीस. चुकलं की पहिल्यापासून.
मध्येच कुणी हाक मारली
तर हाक मारणाऱ्याचं काही वाईट होऊ नये
म्हणून त्याच्या नावाचे वेगळे एकवीस.
तिने हाक मारणं सोडलं.

आणि मग तो फाल्गुन.
फ्रिजची घरघर बंद पडल्यावर कळतं ना
की इतका वेळ ती होती,
तसं मोजणं थांबलं.
हात कोरडे. डोकं धुतलेल्या फरशीसारखं.
रात्री एकला सराफ्यात
ओळख ना पाळख अशा अकरा जणांना भुट्ट्याचा कीस.
क्लॉथ मार्केटातून पडद्यांचं साठ मीटर कापड, उधारीवर.
(घराला खिडक्या तीन.)
झोप म्हणजे लहान मुलांना सांगायची गोष्ट.
कुणाचं भलं झालं की लोक म्हणतात,
त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलंच नाही.
मीही नाही पाहिलं.
दार सताड, गॅसवर दूध,
आणि मी देवासच्या रस्त्याला, स्कूटरवर,
शंभर शाखांच्या बँकेचा मालक.

गल्ली म्हणाली, खासगीवाले सुधारले हो!
कुमुदने तेवढा डॉक्टरांना फोन केला.
"कुलूप ओढत नाहीयेत," म्हणाली.
"चार दिवस झाले."

पुढचं फारसं आठवत नाही.
जे आठवतं ते उतरणीचं,
पलंगाच्या कडेवर बसून
चपलेत पाय घालायचा की नाही याचे एकवीस.

डॉक्टर कागदावर नागमोडी रेघ काढतात.
मोजण्यावरची गोळी वाढवली तर तुम्ही इथे, वर जाल.
नाही वाढवली तर मोजत बसाल.
मग पेनाचं टोपण लावतात. "हळू जाऊ आपण."
दर काही दिवसांनी उपाशीपोटी रक्त देऊन येतो.
शून्य पूर्णांक सात.
आयुष्यातल्या एवढ्या आकड्यांत हा एकच
जो मी मोजत नाही
आणि ज्याला काही अर्थ आहे.

आता हात थरथरतात थोडे,
किल्ली भोकाच्या आजूबाजूला फिरते.
पाणी फार लागतं.
तीन फेऱ्या होतात, कधी चार.
कोपऱ्यावरून कुमुद बघते. तिचे ओठ हलतात,
हे गोलूने सांगितलं मला, चमचा पुसता पुसता.

परवा एकदाच ओढलं आणि सरळ चालत आलो.
कसं कोण जाणे, पटलं होतं.
कुमुदने प्लेट गाडीवर ठेवली,
पर्समध्ये फोन शोधू लागली.
मी काही बोललो नाही.
मागे वळलो.
तिला दिसेल असं, जरा जोरात
ओढून पाहिलं.
लागलंय.